सातवं प्रकरण

रुपचंदांनी चपला काढल्या, भिंतीशी जोडीने लावून ठेवल्या आणि कडी वाजवायला उचललेला हात तसाच खाली घेतला. बोदवड स्टेशनापासून इथपर्यंत रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी पहिलं वाक्य चारदा मनात म्हणून पाहिलं होतं. आता ते सापडत नव्हतं. खांद्यावरची कापडी पिशवी त्यांनी पोटाशी घेतली. आत एक जुना अंक होता आणि त्याच्याखाली टाचणी मारलेले, नव्याने लिहिलेले अकरा कागद.

"कोन शे दारमा?" आतून आवाज आला.

रुपचंदांनी वाकून चपलांची जोड पुन्हा सरळ केली.

"चपला काढाले इतका येळ लावणारा मी एकच माणूस देखेल शे. ये रुप्या. दार लोटेलच शे."

छत्तीस वर्षं. धुळ्याच्या कलेक्टर कचेरीत ते आप्पासाहेब होते, निवृत्त झाल्यावर देवपुरातल्या भजनी मंडळात नाना झाले. रुप्या म्हणणारं माणूस अजून कुठे आहे, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. त्यांनी दार ढकललं.

तोताराम खिडकीजवळच्या लोखंडी पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. अंगात बंडी, आणि मान अशी किंचित तिरपी की डोळ्यांपेक्षा कानांनीच पाहत असावेत. साखरेने त्यांची नजर हळूहळू नेली होती. उजेड-अंधार कळे, माणसाचा आकार कळे, चेहरा कळत नसे. हे सुलक्षणाने, त्यांच्या मुलीने, फोनवर आधीच सांगितलं होतं. तरी रुपचंदांनी सवयीने हात जोडले, मग ते जोडलेले हात दिसायचे नाहीत हे लक्षात आलं, म्हणून पुढे होऊन त्यांनी तोतारामांच्या पायांना हात लावला.

"अरे, अरे. चार वर्सांनी मोठा शे मी. चाळीस नही."

"कसा आहेस, तोताभाऊ?"

"आहेस?" तोताराम हसले. "धुळ्याची कचेरी बोलायला लागली. कसा शे, असं इचार."

"कसा शे?"

"आते बरा शे."

सुलक्षणा माठातलं पाणी घेऊन आली. ती शाळेत शिकवायची, सध्या उन्हाळ्याची सुट्टी होती. "काका, तुमची गाडी साडेअकराची, आणि आबा सात वाजल्यापासून आंघोळ करून तयार. तीनदा विचारून झालं, गाडी लागली का म्हणून."

"दोनदा," तोताराम म्हणाले. "मास्तरीणबाईंना गणित येत नाही." मग हात पुढे करून म्हणाले, "अंक आणला?"

रुपचंदांनी पिशवीतून अंक काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. तोतारामांनी तो नाकाशी नेला, मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला. तिथे दोघांनी मिळून रचलेल्या कवचकुमारचा चेहरा होता हे त्यांना बोटांनी कळण्यासारखं नव्हतं, पण अंगठा नेमका तिथेच थांबला.

कवचकुमार आणि काजळ्या यांचा जन्म अमळनेरला, एका नामसप्ताहात झाला. दोघंही मित्र तेव्हा टाळकरी. तोताराम जिनिंगमध्ये वजनकाट्यावर, रुपचंद कॉलेज संपवून नोकरीचे अर्ज लिहीत बसलेले. चौथ्या दिवशीच्या कीर्तनात बुवांनी जय-विजयाचं आख्यान लावलं. वैकुंठाच्या दारावरचे दोन द्वारपाल. ऋषींना अडवलं म्हणून शाप झाला, खाली जा. परत कधी यायचं, असं त्यांनी रडत विचारलं. देव म्हणाले, भक्त होऊन जाल तर सात जन्म, वैरी होऊन जाल तर तीन. दोघांनी वैर मागून घेतलं. "का मागून घेतलं असेल, माउली?" बुवांनी मृदंगवाल्याकडे वळून विचारलं, आणि मृदंग थांबला. "चार जन्मांचा विरह वाचतो म्हणून." मग ते असं काही गायले की मांडवातल्या बाया डोळ्याला पदर लावून बसल्या. तोतारामांचे टाळ हातातल्या हातात राहिले. घरी जाताना बोरीच्या पुलावर ते थांबले आणि म्हणाले, "रुप्या, राक्षसाची बाजू कोणी लिहीतच नाही रे."

त्यातून दर महिन्याला अठ्ठेचाळीस पानांचा अंक निघू लागला. छापखाना प्रेमराजशेठचा, विक्री एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर, धुळ्यापासून भुसावळपर्यंत. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव एकच, 'द्वारपाल'. अंकात आठ प्रकरणं. विषम तोतारामांची, सम रुपचंदांची. तोतारामांनी काजळ्या घेतला. त्याच्याजवळ शंभर वर्षं तेवलेल्या समईच्या काजळीची डबी होती. ती उघडून फुंकर मारली की दोन कोसांतला उजेड नाहीसा होई, भरदुपारी सूर्य झाकोळे. डबी नसली तर काजळ्या कोणीच नव्हता. रुपचंदांचा कवचकुमार दिवसा मुरलीधर नावाचा कारकून असे, बोलताना अडखळणारा, बाजारात कोणाच्या खिजगणतीत नसलेला. संकट आलं की वीज पडून तापलेल्या लोखंडाचं कवच अंगावर चढे आणि त्याची जीभ मोकळी होई. कवच उजेडावर चाले. काळोख झाला की तो नुसता लोखंड वाहणारा माणूस.

अशा गोष्टींचे नियम ते कुठे शिकले नव्हते. काही कीर्तनातून आले, काही वाचकांच्या पत्रांतून. नायकाला मुखवट्याआड कोणी ओळखायचं नाही, मग ती त्याची सख्खी आई का असेना. दुष्टाने घाव घालायच्या आधी थांबून भाषण करायचंच, त्याशिवाय नायकाला दोऱ्या सोडवायला वेळ कुठून मिळणार? प्रत्येक बळाला एक फट ठेवायची. आणि सगळ्यांत मोठा नियम हा की दुष्टाचा मुडदा सापडू द्यायचा नाही. पुरात वाहून जाऊ दे, दरीत पडू दे, गिरणीच्या आगीत सापडू दे. पुढच्या महिन्यात परत यायची वाट मोकळी पाहिजे.

लिहिण्याची रीत मात्र तोतारामांनी काढली होती. एकाचं प्रकरण दुसऱ्याने छापण्याआधी वाचायचं नाही. प्रकरण थेट छापखान्यात जाई. दुसऱ्याला मिळे फक्त त्याचं शेवटचं पान. "काजळ्या काय करून बसला, हे कवचकुमारला जितकं दिसेल तितकंच तुला दिसायला पाहिजे," ते म्हणत. रुपचंदांना धुळ्याला नोकरी लागल्यावर ही पानं अमळनेर-धुळे गाडीच्या कंडक्टरबरोबर जाऊ-येऊ लागली. गुलाब त्याचं नाव. पाकीट देताना तो हटकून विचारी, "आता काय विझवलं त्याने?" कुठे दोन प्रकरणांचा सांधा फारच उसवला तर प्रेमराजशेठ स्वतः दोन ओळी घालत. आणि छापील अंक हातात आला की दोघंही तो पहिल्या पानापासून वाचत, दुसऱ्याची प्रकरणं इतर वाचकांसारखीच, पहिल्यांदा.

फक्त एकेचाळिसावा अंक सोडून.

आता तो अंक तोतारामांच्या मांडीवर होता. अमळनेरच्या नूतन नावाच्या प्राध्यापक बाईंना सगळे एकेचाळीस अंक एका जाड पुस्तकात छापायचे होते. तोतारामांनी फोनवरच हो म्हटलं होतं. रुपचंदांनी मात्र, आधी एकदा बोदवडला जाऊन येतो, असं उत्तर दिलं. "सर, शेवटचा अंक तर माझा सगळ्यांत आवडता," बाई म्हणाल्या होत्या. "आजही वाचताना रडू येतं." त्यावर रुपचंदांनी घाईने फोन ठेवला होता.

"मी नवं आठवं लिहून आणलंय," ते आता म्हणाले. अकरा कागद त्यांनी पिशवीतून काढले, पण दिले नाहीत. "शेवटच्या अंकाचं. काजळ्या मरत नाही. पुलावरून पडतो, गावकरी धावत खाली जातात, तर खडकावर नुसती बंडी. बाई छापायला तयार आहेत. तू फक्त हो म्हण."

"आणि जुनं?"

"जुनं काढून टाकू."

तोतारामांनी मांडीवरच्या अंकावर तळवा ठेवला. खिडकीतल्या कूलरचा आवाज तेवढा येत राहिला.

"जुनं मी गोष्टीसाठी लिहिलं नव्हतं, भाऊ." रुपचंदांनी कागदांच्या कडा मांडीवर ठोकून सारख्या केल्या. त्या आधीच सारख्या होत्या. "गुलाब कंडक्टर सहज बोलून गेला होता, शेठ आता एकटा काजळ्याच काढणार, सगळी पत्रं त्यालाच येतात, तोताभाऊ एकटेच लिहितील. त्याच पाकिटात तुझ्या सातव्याचं शेवटचं पान होतं. मी एका बैठकीत आठवं लिहून काढलं. काजळ्याला भाषणसुद्धा करू दिलं नाही. एका ठोशात खाली. मग मुडदा सापडू दिला, पंचनामा केला, अग्नी दिला. राख सावडून तापीत सोडली. चिमूटभर ठेवली नाही. तुझा त्याच्यात जीव होता, हे माहीत असून."

"राख सोडताना मंत्र कोणते म्हटले, तेही लिहिलं होतंस म्हणे."

"हो."

"बारीक काम तुझं."

"थट्टा करू नको. आजही टाळ घेऊन उभा राहतो, आणि बुवांनी वैऱ्याचं आख्यान लावलं की माझा ताल चुकतो. मंडळातल्या पोरांना वाटतं, नानांचं वय झालं."

तोतारामांनी अंक उचलून त्यांच्या दिशेने धरला. "सातवं वाच."

"नवं आठवं वाचतो ना."

"आधी सातवं. सातव्याशिवाय आठवं कशाला टेकवशील? माझा अंक कोणी वाचायला नेला तो आलाच नही. सुलूनेही वाचेल नही." बोलता बोलता त्यांचा अंगठा अंकाच्या कडेवरून खाली सरकत होता. तो मध्येच थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. "रुप्या, पानं जुळेल शेतस."

रुपचंदांनी मान खाली घातली.

त्या महिन्यात प्रेमराजशेठच्या कापायच्या मशीनचा दांडा मोडला होता. अंक तसेच बाहेर पडले, कडेच्या घड्या न कापता. घेणाऱ्याने फूटपट्टीने एकेक घडी फाडायची आणि वाचायचं. रुपचंदांची प्रत पोस्टाने आली, त्यांनी ती आली तशीच ट्रंकेच्या तळाशी ठेवली, आणि आज सकाळी तिथून काढली होती.

"ही तुझीच प्रत?"

"हो."

"दुसरी व्हती का?"

"नाही."

"म्हणजे इतकी वर्सं तू..." तोतारामांनी वाक्य सोडून दिलं. त्यांचा चेहरा आधी ताणला गेला, मग हळूहळू सैल पडला, उन्हातून आल्यावर ओटीवर बसलेल्या माणसासारखा. "सुलू," त्यांनी हाक मारली, "सुरी आण बरं. कांद्याची नको, ती लिंबाची, बारीक."

सुरी आली. रुपचंदांनी चष्मा पुसला आणि एकेक घडी कापायला सुरुवात केली. जुना कागद कोरडा झाला होता. कितीही जपून कापला तरी कडेचा भुसा मांडीवर पडत होता. सातव्या प्रकरणाची पाच पानं मोकळी झाली. सुलक्षणा स्वयंपाकघराच्या दारात, पिठाचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

रुपचंद वाचू लागले.

"'नदीकाठच्या त्या गावात सप्ताह होता. काजळ्याने ओहोळात तोंड धुतलं, डोक्याला पांढरी टोपी घातली आणि मांडवाकडे चालू लागला. ज्याच्या नावाने दहा गावं दारं लावून घेत, त्याला टोपीत कोणी ओळखलं नाही. मांडवाबाहेर शेकडो चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या. एकच जोड तेवढी बाजूला, भिंतीशी नीट लावलेली होती.'"

रुपचंद घोटभर पाणी प्यायले.

"वाच," तोताराम म्हणाले.

"'काजळ्या ती जोड पाहून थांबला. तिसऱ्या खेपेपासूनच त्याला ठाऊक होतं. बँकेच्या छतावरून कवचकुमार त्याच्यावर झेपावला होता, तेव्हाही खाली गल्लीत हीच जोड अशीच भिंतीशी लावलेली होती. दुसऱ्या दिवशी बाजारात तीच जोड मुरलीधर कारकुनाच्या पायांत दिसली. काजळ्याने हे कोणाला सांगितलं नाही. मुखवटा ओढायचा तर कधीच ओढता आला असता. पण मग दर महिन्याला भेटायचं कोणाला?'"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सुलक्षणा हलली नाही.

"'तो आत जाऊन मुरलीधरच्या शेजारी बसला. मुरलीधर टाळ वाजवत होता आणि मनातून खिन्न होता, कारण त्याच्या कानावर आलं होतं की गावाला आता कवचकुमार नको आहे. पुढे बुवा दोन द्वारपालांची कथा सांगत होते. मांडवातला दिवा झळाळत होता. काजळ्याच्या खिशात डबी होती. एक फुंकर, आणि शेजारचा माणूस कायमचा नुसता कारकून राहिला असता.

"'मागे एक लेकरू रडू लागलं. त्याच्या आईने काजळ्याच्या खांद्याला हात लावून विचारलं, दादा, तुमच्याजवळ थोडं काजळ आहे का हो? तीट लावायची राहिली, नजर लागली वाटतं माझ्या पोराला. काजळ्याने डबी काढून तिच्या हातात दिली. तिने लेकराच्या गालाला बोट लावलं, मग शेजारणीने मागितली, मग तिच्या शेजारणीने. शंभर वर्षांच्या काळोखाच्या बारीक बारीक तीटा होऊन मांडवातल्या लेकरांच्या गालांवर बसल्या. डबी परत आली तेव्हा तिचं बूड दिसत होतं. ती त्याने तिथेच, सतरंजीखाली सारली.

"'उद्या पुलावर दोघांपैकी एकानेच उरायचं होतं. कोणी उरायचं, हे ठरवायची ताकद मात्र एकाजवळच होती, आणि ती ज्याच्याजवळ होती तो कवचकुमार नव्हता. आरतीच्या आधी काजळ्या उठला. बाहेर आल्यावर त्याने पाहिलं, कोणाच्या तरी पायाने ती जोड विस्कटली होती. त्याने वाकून ती पुन्हा भिंतीशी लावली, आणि तो पुलाच्या वाटेला लागला.'"

पुढचं पान शेवटचं होतं. ते त्यांना पाठ होतं. तापीचा पूल, मावळतीचा सूर्य, कठड्याशी एकटा उभा असलेला काजळ्या, आणि त्याचा उजवा हात बंडीच्या खिशात. रुपचंदांनी ते वाचलं नाही. अंक मांडीवर पालथा घातला आणि चष्मा काढला.

"खिसा रिकामा होता," ते म्हणाले.

"व्हता."

"मी हात रिकामा असलेल्या माणसाला मारलं."

"कवचकुमारने मारलं. त्याला कुठे माहीत? तुले शेवटचंच पान धाडेल व्हतं."

"शेठना काय सांगितलंस तू?"

"शेठ म्हणाले, एकट्याचा काजळ्या काढ. मी म्हटलं, विचार करून लिहून कळवतो." तोतारामांनी हात अंदाजाने पुढे नेला आणि पालथ्या अंकावर ठेवला. "हे लिहून कळवलं. वाचून शेठ तीन दिवस बोलले नहीत. मग म्हणाले, तोताराम, धंदा बसवला तू माझा, पण छापतो."

"मला एक कार्ड टाकायचं होतंस, भाऊ."

"मला वाटलं तू वाचलंस." तोताराम खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बोलत होते. "वाचलंस आणि तुले राग ऊना. तुझी जीत मी आधीच करून ठेवली, तुला ती फुकटची दिली, असं वाटलं असेल. ते कोणाला आवडतं? मीच चुकलो, असं धरून चाललो. दिवाळीपर्यंत गुलाबला विचारायचो, पाकीट शे का? तो मान हलवायचा. मग विचारणं सोडलं."

रुपचंद मांडीवरचा कागदाचा भुसा बोटाने एका जागी गोळा करत राहिले. सुलक्षणाने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि ती आत गेली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा जरा जास्तच आवाज झाला.

"काका, आबा, ताटं केलीत. बट्टी गार होईल."

जेवायला वरण-बट्टी होती आणि वांग्याची भाजी. तोताराम ताटातलं बोटांनी चाचपून बरोबर घास घेत होते. तुपाची वाटी रुपचंदांनी त्यांच्याकडे सरकवली, ती त्यांनी परत सरकवली.

"तू घे. आज काजळ्याचं तेरावं झालं म्हण. आपण जेवणाला जरा उशीर केला."

"छत्तीस वर्षं उशीर, आबा," सुलक्षणा म्हणाली.

"आता बरोबर मोजलं मास्तरीणबाईंनी."

रुपचंद हसले. हसताना त्यांना ठसका लागला, आणि तो ठसका बराच वेळ थांबला नाही. तोतारामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली नाही, नुसता हात ठेवून बसले.

जेवण झाल्यावर दोघं पुन्हा पलंगाशी आले. बाहेर ऊन रणरणत होतं. तोतारामांनी विचारलं, "आता वाचतो का तुझं आठवं? खडकावर नुसती बंडी, ते."

रुपचंदांनी अकरा कागद हातात घेतले. पहिल्या पानावरच्या दोन-चार ओळी त्यांनी मनात वाचल्या. चांगल्या उतरल्या होत्या. गेले तीन महिने पहाटे हरिपाठ झाला की ते हेच घेऊन बसत होते.

"नको," ते म्हणाले. "जुनंच राहू दे. बाईंना तसं सांगतो."

"राखसुद्धा?"

"राखसुद्धा."

"हं." तोतारामांनी हात पुढे केला. "दे ते कागद इकडे. पाठकोरे शेत का?"

"पाठकोरे आहेत. का?"

"ठेवी जा. सुलू, माझा तो जाड काळा पेन कुठे शे, बघ. त्याने लिहिलं की मला अक्षर थोडं थोडं दिसतं." कागद हातात आल्यावर त्यांनी ते उलटे केले आणि कोऱ्या बाजूवरून तळवा फिरवला. "रुप्या, जय-विजयाले किती जनम व्हतात?"

"तीन."

"मग? काजळ्याचा एकच झाला."

रुपचंद त्यांच्याकडे पाहत राहिले. तोतारामांची मान पुन्हा तशीच तिरपी झाली होती. पुलावर उभं राहून राक्षसाची बाजू कोणी लिहीत नाही असं म्हणताना त्यांनी मान अशीच केली होती, आणि तेव्हा त्यांना सगळं दिसत होतं.

"राख तापीत गेली, भाऊ. मी स्वतः सोडली."

"तापी काय, पाणीच शे. कुठे ना कुठे जातंच ते. कवचकुमारला सांग, गंज काढून ठेव."

पाचची गाडी होती. साडेचारला रिक्षा दारात आली. अंक रुपचंदांनी पलंगावरच ठेवला, सुलक्षणाने संध्याकाळी तो पहिल्या प्रकरणापासून वाचून दाखवायचं कबूल केलं होतं. रिकामी पिशवी घडी करून त्यांनी खिशात घातली. पाया पडायला वाकले, तर या वेळी तोतारामांनी त्यांना वरच्या वर धरलं. कीर्तन संपल्यावर टाळकरी एकमेकांना धरतात तसं, खांद्याला खांदा लावून.

दारापर्यंत तोताराम भिंतीच्या आधाराने आले. रुपचंद चपला घालायला वाकले.

"गुलाब कंडक्टर आते कुठे शे, कोणास ठाऊक," वरून आवाज आला. "सुलूच्या मोबाईलवरून धाडसू. तिला सांगेल शे. शेवटचं पान लिहून झालं की फोटो काढ, रुपचंद काकाला पाठव."

रुपचंदांचा एक पाय चपलेत होता. ते तसेच थांबले.

"शेवटचं नको."

"मग?"

"बठ्ठं धाड. सगळं."

"मग मजा काय राहील रे?"

रिक्षावाल्याने एकदा हॉर्न वाजवला. तोतारामांची बोटं चौकटीच्या लाकडावर टाळांच्या चालीने दोन-तीनदा पडली आणि थांबली.

"पहिल्या पानापासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या पानापासून," रुपचंद म्हणाले, आणि त्यांनी दुसरी चप्पल पायात घातली.